नववा फर्मा

ता. ३ जून

चि. डिंक्यास, आशीर्वाद. पाय सोडून बाकी सर्व कुशल आहे असे समज.

पाय मोडला. जिन्यावरून पडून नव्हे, स्टुलावरून नव्हे. चांगल्या सपाट, कोरड्या फरशीवर माणूस जसा मूर्खासारखा पडतो तशी पडले. घोट्याला प्लास्टर आहे, सहा आठवडे. डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. नववीत मी त्याला "एका जागी बस" म्हणून दिवसातून चारदा ओरडायची. आता तो मला तेच सांगतो आणि वर हसतो.

खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आहे. समोर सायकलदुरुस्तीचं दुकान. सकाळपासून किती चाकं निघाली आणि किती बसली हे मी सांगू शकते. पेपर नऊला संपतो, शब्दकोडं सव्वानऊला, आणि मग उरलेला दिवस अंगावर चाल करून येतो. तू जन्मभर लोकांची पुस्तकं बांधतोस, त्यातलं एखादं पाठव. रडकं नको, उपदेश करणारं तर मुळीच नको. तो मी घरी करते.

दुसरी गोष्ट. सात वर्षं आपण हा विषय पत्रात आणला नाही, आताही मी आणला नसता. तुझ्या मुलीने एका शाळेत गणिताच्या जागेसाठी अर्ज केला आहे. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिची पूर्वीची मुख्याध्यापिका म्हणून माझं गोपनीय मत मागवलं आहे, ३१ जुलैच्या आत. तिने अर्जात माझं नाव घातलं हे धाडस की निगरगट्टपणा, मला ठरवता येत नाही. सख्खी भाची असून तिने माझ्याच शाळेत वार्षिक परीक्षेच्या गुणपत्रकात एका मुलीचे गुण बदलून तिला पास केलं. मी तिला तिथल्या तिथे काढलं. तेव्हा लिहिलं तेच आता लिहीन. तू मध्ये पडू नकोस. पडणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवलेलं बरं.

लोभ आहे, प्लास्टरच्या आत अडकलाय एवढंच.

ताई


ता. ८ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि. माझी आठही अंगं शाबूत आहेत, तेव्हा साष्टांग नमस्कार पुरता पोचला असं मान. तुझं एक अंग परतल्यावर आशीर्वादही पुरता पाठव.

वाचनालयाकडून एक कादंबरी बांधणीला आली आहे. पुठ्ठा गेलेला, नाव गेलेलं, लेखकही गेलेला. गोष्ट तेवढी शिल्लक आहे. मी ती उसवून ठेवली आहे. सोळा-सोळा पानांचे पंधरा फर्मे आहेत. ते थोडेथोडे पोस्टाने पाठवतो. अख्खं पुस्तक हातात देणार नाही, कारण तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे. तू शेवटचं पान आधी वाचतेस, निकाल लावतेस आणि मग पहिल्या पानापासून पुरावे गोळा करत येतेस. या खेपेला तसं चालायचं नाही. सोबत पाच फर्मे आहेत. पेन्सिल लावू नकोस, पुस्तक परक्याचं आहे.

टाचणीबद्दल. (तू "तुझी मुलगी" लिहिलंस. पण टोचते म्हणून हे नाव तूच ठेवलं होतंस.) मी तिचा बाप, म्हणजे साक्षीला नालायक. सात वर्षं ती माझ्या दुकानात शिवणीला बसते. तिने शिवलेलं पुस्तक अजून एकही सुटून परत आलेलं नाही. अर्ज मात्र तिने मला न विचारता केला. एवढंच कळवतो आणि गप्प बसतो.

राग आला तर माझ्यावर काढ, डॉक्टरवर नको. पाय त्याच्या हातात आहे.

तुझा,
डिंक्या


ता. २७ जून

चि. डिंक्यास, आशीर्वाद. आज जरा कमीच आहेत, कारण पुढे वाच.

दहापर्यंतचे फर्मे मिळाले. आधी त्या बाईबद्दल. कादंबरीची नायिका कोर्टात दुभाषी आहे. आणखी कोणाला येत नाहीत अशा चार बोली तिला येतात, आणि ते ती कोणाला विसरू देत नाही. मला ती पहिल्या पानापासून आवडली नाही. कामात चोख आहे, पण कोर्टाची शाई घरी नेते. आईला सांगते कोर्टात उशीर झाला आणि बागेत एकटी बसते. खोटं बोलते, पण नीटनेटकं, इस्त्री केल्यासारखं. असल्या बायका मी स्टाफरूममध्ये तीस वर्षं पाहिल्या आहेत.

खटला असा, की एका गवंड्याने मुकादमाला परांचीवरून ढकलून मारल्याचा आरोप आहे. पाहणारी साक्षीदार एकच, गच्चीवर कपडे वाळत घालणारी म्हातारी, आणि तिची बोली फक्त या दुभाषी बाईला येते. आठव्या फर्म्याच्या शेवटी, पान १२८ वर, म्हातारी पिंजऱ्यात उभी राहते आणि तोंड उघडते. मी पान उलटलं. पुढचं पान १४५.

नववा फर्मा कुठे आहे?

दहाव्यात खटला संपलेला आहे. गवंडी सुटला. बाई जिना उतरते आहे आणि आपल्याला कळतं की म्हातारी म्हणाली होती "त्याने ढकललं", आणि हिने कोर्टाला सांगितलं "त्याचा धक्का लागला". का सांगितलं? ते नवव्यात असणार. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शब्दाला शब्द लावून भाषांतर करून घ्यायच्या. एक अव्यय सुटलं की पट्टी. इथे अख्खा खून सुटला आहे. मी तिला दोषी ठरवून मोकळी होते, पण मध्ये सोळा पानांचं भोक पडलंय आणि त्यातून वारा येतो. कामाच्या बाईंनी काल विचारलं की तुम्ही एकट्याच कोणाशी भांडता.

तुझ्या मुलीबद्दलचं मत लिहून ठेवलं आहे. एक पानभर झालं. साफ करून धाडायचं बाकी आहे.

नववा फर्मा आधी, लोभ नंतर.

ताई


ता. २ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि. घाबरत घाबरत.

नववा फर्मा सापडत नाही. दुकान पालथं घातलं. दाबयंत्राखाली पाहिलं, खळीच्या भांड्यामागे पाहिलं, कातरणाचं पोतं उपसलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून पान हरवलेलं नाही, आणि हरवलं तेही तुझ्या वाटणीचं. टाचणी म्हणते हरवलं नसेल, दुसरीकडे शिवलं गेलं असेल. त्या आठवड्यात याच मापाची सहा पुस्तकं शिवणीवर होती आणि सगळी ज्याची त्याला गेली. ती एकेकाकडे जाऊन उघडून पाहते आहे.

सोबत अकरा ते पंधरा. तोवर त्या बाईने तसं का केलं ते तूच ठरव. निकाल द्यायला तुला कधी कागद लागत नाहीत.

रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

डिंक्या


ता. ११ जुलै

चि. डिंक्यास,

आशीर्वाद गृहीत धर. वाचून संपलं त्याला चार दिवस झाले, भांडण मात्र संपलेलं नाही.

मला वाटलं होतं पुढे बाई पस्तावेल, कबूल करेल, निदान नोकरी सोडेल. तसं काही होत नाही. मुकादमाची बायको पोटासाठी कोर्टाच्याच पायऱ्या पुसायला लागते. दुभाषी बाई रोज त्या पायऱ्या चढते. ओल्यावर पाय न टाकता कोरड्याकोरड्याने चढायला शिकते. मग खटपट करून तिला आत, नकलाविभागात बसून करायचं काम मिळवून देते. विधवा तिचे हात धरून तिला दुवा देते, आणि ही घेते. शेवटच्या पानावर तिला बढती मिळून ती मुख्य दुभाषी होते. मी पुस्तक भिंतीवर फेकणार होते, पण पुस्तक कुठे होतं, सोळा सुटी पानं होती. ती पलंगाखाली गेली आणि मला प्लास्टरसकट ओणवं होऊन काढावी लागली.

आता ऐक. मी तिला नापास करू शकत नाही. सकाळी करते आणि दुपारी पुन्हा पेपर तपासायला घेते. गवंड्याला लहान मुलं असतील. मुकादम छळत असेल. म्हातारीचा शब्द दोन्ही अर्थांचा असेल. असे सात खुलासे मी तिच्या वतीने कागदावर लिहून काढले. सात. एका खोटारड्या बाईसाठी, जी मुळात जन्मालाच आलेली नाही.

मग तुझ्या मुलीबद्दलचं मत साफ करायला घेतलं. शुद्धलेखन निर्दोष, भाषा कडक. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "आपल्या कृत्याचे समाधानकारक कारण त्यांना देता आले नाही." तिथे पेन अडलं. डिंक्या, मी तिला कारण विचारलंच नव्हतं. ती केबिनमध्ये आली, "मॅडम, मी" एवढं म्हणाली, आणि मी हात वर केला. फाइलवर शेरा मारला, "खुलासा घेण्याची आवश्यकता नाही." तो शेरा मला पाठ आहे, कारण निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांनी त्याचंच कौतुक केलं होतं, सख्ख्या भाचीची गय केली नाही म्हणून. टाळ्या वाजल्या. मी मान लववली.

"विचारले नाही" याचं मी "देता आले नाही" केलं. पेन माझं, अक्षर माझं, आणि लिहिताना मला काही खटकलंही नाही.

तिने तुला काय कारण सांगितलं होतं ते ताबडतोब कळव. प्लास्टर सोमवारी निघेल. तोवर माझी येरझार खुर्चीतल्या खुर्चीतच चालली आहे.

ताई


ता. १६ जुलै

ती. ताईस, नमस्कार.

विनोद सुचत नाही, तेव्हा सरळ लिहितो. मीही तिला विचारलं नाही. ती त्या दिवशी घरी आली, मी म्हटलं उद्यापासून शिवणीला बस, आणि ती बसली. मी मनाशी धरून चाललो की ती विद्यार्थिनी गरिबाघरची असेल, नापास झाली तर घरचे शाळा सोडवतील, म्हणून आपल्या पोरीला दया आली असेल. त्या समजुतीवर सात वर्षं सुखाने जेवलो. तू तिच्यात वाईट तेवढं धरलंस, मी चांगलं तेवढं धरलं, आणि विचारलं दोघांनीही नाही.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. तुला न विचारता. तिने ते वाचलं, हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली आत्याला मीच लिहीन.

फर्मा सापडला. एका वकीलसाहेबांचा निवाड्यांचा खंड बांधून दिला होता, त्यात शिवला गेला होता. टाचणीने जाऊन सांगितलं तर ते द्यायला तयार होईनात. म्हणाले, हा खटला मला फार उपयोगी वाटला, मी दोनदा वाचला, टिपणही काढलं. फक्त न्यायमूर्तींचं नाव कुठे दिलेलं नाही.

आपला लोभ जुना आहे, तो एका पत्राने उसवायचा नाही.

डिंक्या


ता. २० जुलै

ती. आत्यास, नमस्कार. "मॅडम" लिहून खोडलं आहे, डाग दिसेल.

सोबत नववा फर्मा. तो वकिलांच्या पुस्तकात मीच शिवला होता, बाबांनी नाही. त्यांना बोल लावू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगते. ती मुलगी गरीब नव्हती. तिचे घरचे शाळा सोडवणार नव्हते. दया वगैरे काही नव्हती. ती पहिल्या बाकावर बसायची, माझं सगळं शांतपणे ऐकायची, आणि मी फळ्यावरून वळले की म्हणायची, "बाई, कळलं नाही." रोज. उद्धटपणे नाही, नम्रपणे. मी तेच गणित तीन रीतींनी सांगायची, आणि ती तितक्याच नम्रपणे मान हलवायची. वर्षअखेरीस तिचा पेपर माझ्यापुढे आला तेव्हा एकच विचार मनात आला: ही नापास झाली तर आणखी एक वर्ष पुन्हा त्याच बाकावर. मी ते सोसू शकत नव्हते. म्हणून तिला पुढे ढकललं.

प्रकरण उघडकीला आलं तेव्हा निकाल लागून गेला होता, तो कोणी फिरवला नाही. पुढच्या वर्गात तिला काहीच येईना. सहामाहीनंतर तिने स्वतःहून शाळा सोडली. मी नंतर तिच्या घरी जाऊन आले होते. तिची आई म्हणाली, तुम्ही एकट्याच होतात ज्यांनी हिला पास केलं. मी चहा घेतला आणि उठले.

बाबा मला दयाळू समजत होते, ते मी चालू दिलं. आता त्यांनाही सांगितलं आहे. दोन दिवस ते सुई स्वतःच ओवत होते, काल माझ्याकडून ओवून मागितली.

शिकवायला पुन्हा का जायचं आहे, ते मला नीट सांगता येत नाही. "कळलं नाही" म्हणणाऱ्या माणसापुढे पुन्हा उभं राहून पाहायचं आहे, एवढंच. तू जे लिहायचं ते लिही.

टाचणी


ता. २६ जुलै

चि. टाचणीस,

आशीर्वाद. सात वर्षांचे तुंबले आहेत, बेताने घे.

आधी नववा फर्मा. मी वाचला आणि खोलीभर लंगडत फिरले. बाईने म्हातारीचा शब्द बरोबर ऐकला होता. गवंड्याशी तिचा संबंध नव्हता, त्याची कीवही आली नव्हती. त्या दिवशी सकाळी सरकारी वकिलाने सगळ्यांदेखत तिचा एक उच्चार सुधारला होता. त्याचा चेहरा पडलेला पाहावा म्हणून तिच्या तोंडून "धक्का लागला" निघालं. न्यायाधीशांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." झालं. माझे सातही खुलासे केराच्या टोपलीत. इतकं क्षुल्लक कारण मी माझ्या शत्रूलाही दिलं नसतं.

मग तुझं पत्र वाचलं. चिडले. फार चिडले. त्या मुलीचं वर्ष तू तुझ्या कंटाळ्यापायी घालवलंस, आणि तुझ्यात दयेचा लवलेश असता तर मला किती सोपं गेलं असतं. संध्याकाळी डॉक्टरला विचारलं की राग आल्याने घोटा सुजतो का. तो म्हणाला, तुमचा सुजत असेल.

गंमत अशी की वाचताना त्या बाईचं कारण मला माहीत नव्हतं तेव्हा मी तिला सोडवायला धडपडत होते. आता माहीत आहे, ते हलकं आहे, आणि तरी तिला हाकलून द्यायला हात वर होत नाही. मी सुधारले असं समजू नकोस. मला फक्त आता झटकन निकाल लावता येत नाही, आणि त्याचा मला भयंकर त्रास होतो आहे. या वयात ही सवय लागायला नको होती.

मत लिहिलं ते असं:

"सदर शिक्षिकेने वार्षिक परीक्षेत एका विद्यार्थिनीचे गणिताचे तीन गुण वाढवून तिला उत्तीर्ण केले. हे खरे आहे. त्यांचा खुलासा न घेता मी त्यांना काढून टाकले. हेही खरे आहे. त्यांचे कारण मला या महिन्यात समजले. ते चांगले नाही. विचारल्यावर त्यांनी ते जसे होते तसे सांगितले. तीस वर्षांत मी पुष्कळ खुलासे वाचले. स्वतःची बाजू न सजवलेला हा पहिला. त्यांना घ्यावे असे माझे मत आहे. त्यांचे कारण त्यांनाच विचारावे, आणि पुरते ऐकून घ्यावे."

हे वाचून ते तुला घेतील की दारातूनच परत पाठवतील, मला सांगता येत नाही. यातलं एक वाक्य गाळलं असतं तर नक्की घेतलं असतं. कुठलं ते तुला कळेल. मी गाळलं नाही. मताचं पाकीट सोबत आहे, चिकटवलेलं नाही. गोपनीय कागद मी जन्मात कोणाला उघडा दिला नाही, पण तुझ्याबद्दलचा एक कागद तू न वाचता एकदा गेला आहे, तेवढं पुरे. वाच, आणि द्यायचा की फाडायचा ते ठरव. ३१ तारीख विसरू नकोस.

आणि ये कधीतरी. आता दार उघडायला मी स्वतः चालत येऊ शकते.

तुझी आत्या


ता. ३० जुलै

ती. आत्यास, नमस्कार आणि एक कबुली.

तुझं मत वाचलं. द्यायचं ठरवलं. पण त्यात एक चूक होती. तीन गुण नव्हेत, चार. तिला एकतीस होते. तू गुणपत्रक पाहिलंस तेव्हा पस्तिसातल्या पाचाखाली आधी काय होतं ते नीट दिसत नव्हतं, तू दोन धरलास. पण दोनाचा पाच असा सहज होत नाही आत्या, एकाचा होतो.

म्हणून तुझ्या सहीच्या कागदावर मी हात चालवला आहे. "तीन" वर एक रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. वर "चार" लिहिलं, शेजारी माझी सही केली आणि तारीख घातली. मग पाकीट चिकटवलं आणि आज सकाळी स्वतः नेऊन दिलं. मुख्याध्यापकांनी माझ्यासमोरच उघडलं. त्या खोडलेल्या शब्दापाशी थांबले. सही कोणाची, विचारलं. मी म्हटलं माझी. ते परत पहिल्यापासून वाचायला लागले. मग म्हणाले बसा, आणि दार लावून घेतलं.

पाऊण तास विचारत होते. सगळं सांगितलं. सोमवारी कळवतो म्हणाले, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तेव्हापासून मी शिवणीला बसले आहे आणि घातलेले टाके पुन्हा पुन्हा उसवते आहे. बाबांनी शेवटी सुई काढून घेतली आणि म्हणाले, आत्याकडे जा, तिथे तुझ्यासारखीच आणखी एक आहे.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. सोमवारचं पत्र तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं आहे. उघडायचं तेव्हा दोघी मिळून उघडू.

टाचणी